बालीच्या बागेतला हिरवा चापडा: चावलाच तर पुढचे तीन दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचे पुण्याचे एक गृहस्थ कामानिमित्त बालीत, उबुदजवळ भाड्याच्या घरात राहतात. सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. दारासमोरच्या पायवाटेला लागून असलेल्या बोगनवेलीवर त्यांना सलग तीन रात्री एकाच फांदीवर हिरवागार साप दिसला, शेपटी तांबूस. घरमालक ‘लेलिपी गदांग’ (बाली भाषेत हिरवा साप) म्हणाला आणि कोयता आणायला निघाला. यांनी त्याला थांबवलं. आता त्यांना पाच गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हा साप कोणता, तो आपल्याकडच्या हिरव्या चापड्यासारखाच का, इंटरनेटवर दिसणारे निळे साप खरे का, चावला तर काय करायचं, आणि मुलीला तो बघायचाच आहे, तर दाखवावा का. सोबत त्यांनी लांबून काढलेला एक फोटोही पाठवला आहे.

मी डॉक्टर आहे. सिंधुदुर्गात 22 वर्षं साप चावलेली माणसं तपासतो आहे. आंबोलीच्या बाजूला हिरवा चापडा आणि मलबारी चापडा दोन्ही असल्यामुळे पावसाळ्यात असा दंश आमच्या दवाखान्याला नवा नाही. तुमच्या बागेतला साप मी त्याच्या मुलखात जाऊन पाहिला आहे, एकदा बालीत आणि एकदा फ्लोरेस बेटावर. त्यामुळे जे सांगतो आहे ते थोडं पाहून आणि बरंचसं रोजच्या कामातून.

तातडीचं आधी सांगून टाकतो. हा साप चावला तर हातपाय करकचून बांधू नका, चिरू नका, तोंडाने ओढू नका, बर्फ लावू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढा, कारण अर्ध्या तासात सूज चढली की ती निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय न हलवता तासाभरात मोठ्या रुग्णालयात पोचा. आणि तिथे पहिली तपासणी चांगली आली म्हणून त्याच दिवशी घरी येऊ नका. या शेवटच्या वाक्यासाठीच खरं तर मी एवढं लांब उत्तर लिहितो आहे.

आता साप. फोटोत डोकं रुंद, तीनकोनी आणि मानेपासून स्पष्ट वेगळं दिसतं, वरचा ओठ फिकट पिवळट आहे, अंगाची वेटोळी फांदीवर घट्ट बसलेली आहेत आणि शेपटी विटकरी. हा ट्रायमेरेसुरस इन्सुलारिस. ‘इन्सुलारिस’ म्हणजे बेटावरचा. मराठीत त्याला नाव असण्याचं कारण नाही, पण तो आपल्या चापड्याच्याच कुळातला आहे, म्हणून मी त्याला बेटावरचा चापडा म्हणेन. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खोलगट खाच असते, ती या कुळाची खूण. त्या खाचेने त्याला उष्णता ‘दिसते’. अंशाच्या काही हजाराव्या भागाइतका फरकही त्याला कळतो, म्हणून काळोखात बसल्या जागेवरून तो उंदराचा नेम अचूक धरतो.

फक्त हिरवा रंग आणि तांबडी शेपटी एवढ्यावर मात्र ओळख पक्की करू नका. बालीत आणखी एक हिरवा साप आहे, गोन्योसोमा ऑक्सिसेफालम. त्याचीही शेपटी करड्या-तांबूस रंगाची. तो बिनविषारी, बराच लांब, दिवसा हिंडणारा आणि सडपातळ. तिथले लोक ज्याला ‘उलार गादुंग’ म्हणतात तो तर आपल्या हरणटोळाचा सख्खा भाऊबंद: वेलीसारखा बारीक, टोकदार तोंडाचा. हरणटोळाच्या डोळ्याची बाहुली आडवी असते, चापड्याची मांजरासारखी उभी. पण बाहुली बघण्याइतकं जवळ जायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. वागण्यावरून ओळखणं जास्त सोपं. दिवसा झाडावरून झरझर पळतो तो बहुतेक वेळा चापडा नसतो. रात्री एका फांदीवर डोकं खाली करून तासन्‌तास दगडासारखा बसतो, दुसऱ्या रात्रीही तिथेच सापडतो, तो चापडा. तुम्ही ‘सलग तीन रात्री एकाच फांदीवर’ लिहिलंत तिथेच माझी निम्मी खात्री झाली होती.

हा साप शास्त्राच्या वहीत आला तो जरा आडवळणाने. 1977 साली यूजेन क्रॅमर या स्विस अभ्यासकाने नेपाळच्या सापांवर लेख लिहिला आणि त्यात तिमोर बेटावरच्या या सापाला नाव दिलं. त्या वेळी तो पांढऱ्या ओठांच्या चापड्याची, म्हणजे थायलंडपासून दक्षिण चीनपर्यंत पसरलेल्या ट्रायमेरेसुरस अल्बोलाब्रिसची, पोटजात समजला गेला. 2001 मध्ये जनुकं आणि शरीररचना तपासून त्याला स्वतंत्र जात मानलं गेलं. हे नात्याचं पुराण मी उगाच सांगत नाही. लसीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, वेळी हेच नातं कामाला येतं.

त्याचा मुलूख पूर्व जावापासून सुरू होतो आणि बाली, लोंबोक, सुंबावा, कोमोदो, फ्लोरेस, सुंबा, तिमोर, वेतार अशी बेटं घेत पूर्वेला जातो. नकाशा उघडून बाली आणि लोंबोक यांच्यामधली सामुद्रधुनी बघा. तिथूनच ती प्रसिद्ध वॉलेस रेषा जाते, आशियाई प्राण्यांची वेस म्हणा. हिमयुगात समुद्र सुमारे 120 मीटर खाली गेला तेव्हा बाली जावाला जमिनीने जोडलं गेलं, पण ही सामुद्रधुनी इतकी खोल आहे की ती तेव्हाही कोरडी पडली नाही. वाघ बालीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. हा दोन-अडीच फुटी साप मात्र पलीकडे गेला. कसा गेला असेल, तर पुरात वाहून आलेल्या झाडांच्या जुडग्यावर बसून, असं मला वाटतं. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो. पोटात पिल्लं असलेली एकच मादी किनाऱ्याला लागली तरी नव्या बेटावर वंश सुरू होऊ शकतो. पुढे न्यू गिनीत आणि ऑस्ट्रेलियात घोणस-चापड्याच्या कुळातला एकही साप नाही. म्हणजे या बेटांच्या रांगेत आशियाकडून निघालेल्या या कुळाच्या पूर्वेच्या टोकावर हे चापडे बसलेले आहेत. तिमोरमध्ये हा साप पाहणं मला अजून जमलेलं नाही आणि ती इच्छा मनात आहे.

तुम्ही विचारलं आहे की इंटरनेटवर दिसणारे निळे साप खरे का. खरे आहेत आणि याच जातीचे आहेत. बहुतेक बेटांवर हा साप हिरवा, वेतारकडे पिवळसर हिरवा, आणि कोमोदोवर आकाशी निळा, त्याच कोमोदोवर जिथे तो महाकाय सरडा राहतो. सापाच्या कातडीत हिरवा रंग असा मुळात नसतोच. खालच्या थरातल्या सूक्ष्म स्फटिकांवरून निळा प्रकाश परततो, वरच्या थरातलं पिवळं रंगद्रव्य त्यात मिसळतं, आणि आपल्याला हिरवा दिसतो. पिवळं वजा झालं की निळा उरतो. आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात स्पिरिटच्या बाटलीत एक चापडा होता. बाटलीवरच्या चिठ्ठीत शाईने ‘हिरवा’ लिहिलेलं आणि आत साप मात्र शाळेच्या पाटीसारखा निळसर. पिवळा रंग स्पिरिटमध्ये विरघळून गेला होता. कोमोदोच्या सापात बहुधा जन्मतःच हे पिवळं कमी असतं. आंबोलीचा मलबारी चापडाही असाच बहुरंगी: हिरवा, तपकिरी, पिवळा. त्यामुळे ‘निळा म्हणजे जास्त जहाल’ ही समजूत सोडून द्या. 2019 मध्ये आठ बेटांवरच्या या सापांचं विष शेजारी शेजारी ठेवून तपासलं गेलं. समुद्राने इतका काळ वेगळे ठेवलेले हे साप, पण विषाचा साचा जवळपास एकच निघाला, फरक थोडे आणि मोजक्या बेटांपुरते. निळे साप हौशी लोक पाळण्यासाठी विकत घेतात, त्यासाठी ते जंगलातून उचलले जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्हाला कोणी विकत देऊ केला तर घेऊ नका.

आता विष, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

नाग किंवा मण्यार चावली तर विष नसांवर जातं, पापण्या मिटतात, श्वास थांबतो आणि सगळा खेळ काही तासांत ठरतो. बेटावरच्या चापड्याचं काम वेगळं. आधी चावल्या जागी आग आणि ठणका, मग सूज, जी बोटावरून मनगटावर आणि मनगटावरून कोपरावर चढते. कातडी जांभळी पडते, कधी फोड येतात. हे डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळे त्याच्याकडेच बघत बसतात. पण त्याच वेळी आत, रक्तात, विषातली थ्रॉम्बिनसारखी द्रव्यं फायब्रिनोजेन खात असतात. फायब्रिनोजेन म्हणजे रक्ताची गाठ ज्या धाग्यांनी विणली जाते त्यांचा कच्चा माल. या द्रव्यांनी विणलेली गाठ अशी कच्ची असते की शरीर ती लगेच विरघळवून टाकतं. होता होता कच्चा माल संपतो आणि रक्त गोठायचं थांबतं. जोडीला प्लेटलेटही उतरतात. माणूस वरून बरा दिसत असतो, सूजही उतरायला लागलेली असते, आणि हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडं पडू शकतं.

काही वर्षांपूर्वी काजूच्या बागेत काम करणारा एक 19 वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. मलबारी चापडा, उजव्या हाताची तर्जनी. आम्ही 20 मिनिटांची तपासणी केली. ती अगदी साधी आहे: 2 मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच नळी तिरकी करायची. रक्त थिजून जागेवर राहिलं तर ठीक. त्याचं राहिलं. घरच्यांनी हट्ट धरला, बागेत काम पडलं होतं, आणि मी त्याला जाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दात घासताना हिरड्यातून थांबेना असं रक्त येतं म्हणून परत आला. तीच तपासणी पुन्हा केली. नळी तिरकी केली तर रक्त कोकमाच्या आगळासारखं काठापर्यंत वाहत आलं. तो वाचला, आठव्या दिवशी चालत घरी गेला. पण त्या दिवसापासून चापड्याच्या रुग्णाला मी तीन दिवसांच्या आत सोडत नाही.

थायलंडच्या डॉक्टरांना हे आपल्यापेक्षा कितीतरी आधी उमगलं. पांढऱ्या ओठांचा चापडा बँकॉक शहराच्या बागांतसुद्धा आहे, त्यामुळे हिरव्या चापड्याचे दंश त्यांनी सगळ्यात जास्त हाताळले आहेत. पहिली तपासणी ठीक आली तरी रक्त गोठण्याची आणि प्लेटलेटची तपासणी पुढचे तीन दिवस रोज करायची, ही त्यांची शिस्त. तुम्हाला कधी वेळ आलीच तर डॉक्टरांना एवढंच सांगा: ‘20 मिनिटांची तपासणी, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी तपासणी), प्लेटलेट, आणि तीन दिवस रोज पुन्हा.’ आणि जमलं तर फायब्रिनोजेनही.

लसीचं सांगतो. आपल्याकडे हाफकिनसारख्या संस्था जी सापाची लस बनवतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर. चापडा त्यात नाही. इंडोनेशियात बांडुंगची बायो फार्मा ही सरकारी कंपनी ‘साबू’ नावाची लस बनवते. तीत तीन साप आहेत: जावाचा थुंकणारा नाग, पट्टेरी मण्यार आणि जमिनीवर राहणारा मलायी चापडा. तुमच्या बोगनवेलीवरचा साप तीत नाही. पूर्व जावात आणि फ्लोरेसच्या बाजूला आपल्या घोणशीची पूर्वेकडची बहीण आहे, तीही नाही. चापड्याने माणूस दगावणं विरळ, म्हणून लस बनवणाऱ्यांच्या यादीत तो मागे राहिला. पण त्याचे दंश विरळ नाहीत, आणि हात सुजून, काळा पडून महिना-महिना कामाला मुकलेल्या माणसाला ‘जीव तर वाचला ना’ एवढंच म्हणणं मला जमत नाही.

या सापावर त्यातल्या त्यात योग्य लस बँकॉकची आहे, थाई रेडक्रॉसच्या क्वीन साओवभा संस्थेची. ती पांढऱ्या ओठांच्या चापड्याच्या विषावर बनवलेली, आणि मघाशी सांगितलेलं नातं इथे उपयोगी पडतं: दोघांचं विष इतकं जवळचं आहे की तिचा आधार घेता येतो. बालीत ती नेहमी प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं धरून चालू नका. आजच, काही झालेलं नसताना, तुमच्या जवळच्या मोठ्या रुग्णालयाला फोन करून विचारून ठेवा. देनपसारचं मुख्य सरकारी रुग्णालय, पूर्वीचं सांगलाह, आता न्गुराह यांच्या नावाचं, हेही यादीत असू द्या. तिथल्या डॉक्टरांना मदत लागली तर सर्पदंशाच्या इंडोनेशियातल्या जाणकार डॉ. त्री महारानी यांचं नाव त्यांना बहुधा माहीत असेलच. त्या देशभरातल्या डॉक्टरांना फोनवर सल्ला देत आल्या आहेत.

लस कधी द्यायची, याचेही नियम आहेत. रक्त गोठत नसेल, प्लेटलेट 50,000 च्या खाली गेल्या असतील, कुठून रक्तस्राव होत असेल, किंवा सूज इतकी की हातातला रक्तपुरवठाच अडेल, तर द्यायची. नुसती थोडी सूज आहे म्हणून नाही. आणि चुकीची लस तर कधीच नाही. वाडीतल्या एका बाईला शिकेकाईच्या जाळीत हात घालताना हिरवा चापडा चावला. माझ्याकडे यायच्या आधी तिला दुसरीकडे आपल्या चार सापांच्या लसीच्या 20 बाटल्या दिल्या होत्या. तिचं रक्त व्यवस्थित गोठत होतं, सूज मनगटापर्यंतच होती. माझ्याकडे आली ती अंगभर गांधी उठलेल्या, रक्तदाब खाली गेलेला, धाप लागलेली. सापाने दिलं त्यापेक्षा जास्त दुखणं तिला लसीने दिलं होतं, आणि त्या लसीत तिच्या सापावरचं औषधच नव्हतं. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण घरच्यांपैकी कोणीतरी ‘साप हिरवा होता, झाडावर होता’ एवढं ठामपणे सांगितलं असतं तरी पुढचं टळलं असतं. म्हणून साप मारून पिशवीत नेऊ नका, तुटलेलं मुंडकंसुद्धा चावतं. लांबून एक फोटो पुरे.

आणखी काही बारीक गोष्टी. दुखतं म्हणून कमरेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मागू नका. रक्त न गोठणाऱ्या माणसाच्या स्नायूत सुई गेली की तिथे रक्ताची गाठ साचते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनही नको, पॅरासिटामॉल चालतं. धनुर्वाताचं इंजेक्शन रक्त गोठतंय याची खात्री झाल्यावर. हात खूप सुजला म्हणून कोणी शस्त्रक्रियेने चीर द्यायचं म्हणालं, तर आतला दाब मोजला का आणि रक्त गोठतंय का, हे आधी विचारा. आणि मुलीच्या बाबतीत लक्षात ठेवा: साप लहान अंग बघून कमी विष सोडत नाही. म्हणून लस लागलीच तर मुलांना मोठ्यांइतकीच द्यायची असते, वजन बघून कमी करायची नसते. घरी आल्यावरही दोन आठवडे दात काढणं, टाके घालणं असलं काही नको, आणि काळी शौच, लालसर लघवी किंवा अंगावर नवे जांभळे डाग दिसले तर परत जायचं.

आता ती बोगनवेल. चापडा तिथे बसला आहे तो पायवाटेवर येणाऱ्या बेडकांसाठी आणि पालींसाठी. उबुदला भाताची खाचरं आणि पाटाचं पाणी दाराशी, म्हणजे बेडूक भरपूर. दोन-चार दिवसांनी तो स्वतःहून जागा बदलेल. घाई असेल तर तिथल्या साप पकडणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा आणि कोयता घरातच राहू द्या. मारायला गेलेल्याच्या हाताला चावल्याचे प्रसंग मी नुसते ऐकलेले नाहीत, तपासले आहेत. पायवाटेवर लोंबणाऱ्या फांद्या छाटा, पण भरदिवसा, लांब दांड्याच्या कात्रीने, आणि आधी काठीने फांदी हलवून. हा साप पळून जात नाही, तो रंगावर भरवसा ठेवून तसाच बसून राहतो. दंश बहुतेक यामुळेच होतात: हात पानात जातो आणि साप तिथेच असतो. रात्री अंगणात जाताना बूट आणि टॉर्च. टॉर्चचा झोत फक्त जमिनीवर नको, कमरेपासून डोक्यापर्यंतच्या फांद्यांवरही फिरवा. वाळत घातलेले कपडे अंधार पडायच्या आत आत घ्या.

मुलीला साप जरूर दाखवा. रात्री आठच्या सुमारास तो जागेवर स्थिर असेल. तिचा हात तुमच्या हातात, अंतर किमान सहा फूट, टॉर्च थोडा बाजूला धरलेला, आणि बघणं पाच मिनिटांपुरतं. आधी तिला तो स्वतः शोधू द्या. पहिल्यांदा तिला फक्त पानं दिसतील. मग एका पानाला पिवळा डोळा आहे हे लक्षात येईल. तो क्षण तिच्या चेहऱ्यावर बघा. माझ्या मुलाला मी आंबोलीच्या धुक्यात पहिला चापडा दाखवला तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि परतीच्या वाटेवर त्याने प्रत्येक झुडपापाशी थांबून टॉर्च मारली होती.